तिसरीच्या मुलांची वाचनगती: मोजण्याची रीत आणि आकड्याचा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या एका शिक्षिकेला प्रत्येक मुलाची वाचनगती ‘मिनिटाला किती शब्द’ या रूपात नोंदवायची आहे. ती नेमकी कशी मोजावी, किती गती पुरेशी मानावी, आणि वर्गातील एक मुलगी भरभर वाचूनही विचारलेले काहीच सांगू शकत नाही, तर एक मुलगा अडखळत वाचूनही सगळे नीट सांगतो, या दोघांकडे कसे पाहावे, असे त्यांनी विचारले आहे.

बाई, गती मोजायची कशासाठी हे आधी मनाशी पक्के असावे, कारण मोजण्याची पुढची सगळी रीत त्यावरच ठरते. मूल अक्षराला अक्षर जोडत वाचत असते तेव्हा त्याचे जवळजवळ सगळे लक्ष चिन्हे ओळखण्यात गुंतलेले असते. अल्पकालीन स्मृतीत थोडेच काही आणि तेही थोडाच वेळ टिकते, त्यामुळे वाक्याच्या शेवटी क्रियापदापर्यंत पोहोचताना वाक्याच्या सुरुवातीचा कर्ता त्याच्या ध्यानातून निसटून गेलेला असतो. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्याने वाक्य पूर्ण होईपर्यंत आधीचे शब्द धरून ठेवावेच लागतात. जागतिक बँकेत प्राथमिक वाचनावर काम केलेल्या हेलन अबाद्झी यांनी स्मृतीच्या याच मर्यादेवरून मिनिटाला सुमारे ४५ ते ६० शब्द ही किमान गती मांडली होती. म्हणजे गती ही समजून वाचण्याची एक पूर्वअट आहे. ती पूर्ण झाली म्हणून समज आपोआप येईल असे नाही, पण ती फारच अपुरी असेल तर समजेला वावच राहत नाही. आपण गती मोजतो ती ही अडचण कोणत्या मुलाला आहे आणि ती कुठे आहे हे शोधण्यासाठी.

मुलांना तिसरीपर्यंत समजून वाचता यावे आणि अंकज्ञान यावे यासाठी केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाची लक्ष्येही याच विचारातून आलेली आहेत. दुसरीसाठी अर्थ समजून मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द असे त्यांचे स्वरूप आहे. यातले ‘अर्थ समजून’ हे शब्द नोंदवहीच्या रकान्यात उतरत नाहीत आणि मग फक्त ६० उरतो. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे इंग्रजी वाचनाचे तक्ते मराठीला लावणे. अमेरिकेत हॅसब्रूक आणि टिंडल यांनी २०१७ मध्ये सुधारून दिलेल्या तक्त्यात तिसरीच्या वर्षअखेरीस मधल्या क्रमांकाचे मूल मिनिटाला ११२ शब्द बिनचूक वाचते असे दिसते. हा आकडा वाचून मराठी शाळेतले पालक आणि कधी कधी अधिकारीही अस्वस्थ होतात. तसे होण्याचे कारण नाही, कारण इंग्रजीतला शब्द आणि मराठीतला शब्द ही समान लांबीची मापे नाहीत.

हा मुद्दा थोडा सविस्तर पाहू. ‘आजी ओसरीवर बसून शेंगा सोलत होती.’ या वाक्यात ६ शब्द आणि १७ अक्षरे आहेत. ‘ग्रामपंचायतीसमोरच्या पिंपळावरून पाखरांचा थवा उडाला.’ या वाक्यात ५ शब्द आहेत, पण अक्षरे २५ आहेत. (येथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसह पूर्ण अक्षर एक धरले आहे आणि जोडाक्षरही एकच धरले आहे, म्हणजे ‘ग्रा’ एक आणि ‘च्या’ एक.) समजा एक मूल अगदी एकसारख्या वेगाने मिनिटाला १५० अक्षरे वाचते. पहिल्या प्रकारच्या वाक्यांनी भरलेला उतारा त्याच्यासमोर ठेवला तर त्याची गती सुमारे ५३ शब्द येईल आणि दुसऱ्या प्रकारचा ठेवला तर ३० येईल. मूल तेच, वाचनही तेच, तरी एका उताऱ्यावर ते लक्ष्याच्या जवळ दिसेल आणि दुसऱ्यावर निम्म्यावर दिसेल. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटूनच लिहिली जातात, त्यामुळे हा फरक टाळता येत नाही, फक्त ध्यानात ठेवता येतो. एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा जो पायाभूत अध्ययन अभ्यास केला, त्यात २० भाषांमध्ये वाचन तपासले गेले आणि प्रत्येक भाषेसाठी गतीचे निकष स्वतंत्र ठरवले गेले, ते याच कारणाने. म्हणून माझी शिफारस अशी आहे की वरिष्ठांना द्यायच्या तक्त्यात मिनिटाला शब्द लिहावेत, पण स्वतःच्या वहीत त्याच वाचनाची मिनिटाला अक्षरेही लिहून ठेवावीत. उताऱ्याच्या प्रत्येक ओळीअखेरची अक्षरसंख्या एकदा मोजून ठेवली की पुढे हे काम सोपे जाते.

आता उतारा. पाठ्यपुस्तकातील धडा यासाठी कधीही घेऊ नये. तिसरीपर्यंतच्या कित्येक मुलांना धडे वर्गात ऐकून ऐकून पाठ झालेले असतात. पानाकडे नजर असते, बोट ओळीवरून फिरत असते आणि वाचन अस्खलित वाटते, पण त्याच धड्याच्या मधला एखादा शब्द कागदावर वेगळा लिहून दिला की मूल थांबते. उतारा मुलाने पूर्वी न पाहिलेला, पण त्याच्या ओळखीच्या जगातला असावा. बाजार, शेत, पाऊस, सामान आणायला निघालेले भावंड, हरवलेली शेळी असे विषय चालतात. लांबी ९० ते १०० शब्दांची असावी, म्हणजे चांगले वाचणारे मूल मिनिट संपण्याआधी शेवटाला पोहोचत नाही. जोडाक्षरे असावीत पण ओळीत एक-दोनच, आणि रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, उकार, ऐकार, औकार यांपैकी प्रत्येकाला निदान एकदा तरी जागा मिळालेली असावी. असे तीन उतारे सारख्या काठिण्याचे तयार करणे हेच या सगळ्यातले सर्वांत कष्टाचे काम आहे आणि ते केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, चार-पाच शिक्षकांनी शिक्षण परिषदेच्या (शिक्षकांच्या नियमित बैठकीच्या) दिवशी एकत्र बसून केले तर वर्षभर सर्वांना पुरते. अक्षरे मोठी, ओळींमध्ये मोकळी जागा आणि मागच्या पानाची शाई पुढे न उमटणारा कागद एवढे पाहावे.

प्रत्यक्ष मोजणी एका मुलासोबत, वर्गाबाहेर करावी. व्हरांडा चालेल, पण समोरून मुले ये-जा करत नसावीत. सर्व वर्गासमोर उभे करून गती मोजली की मोजली जाते ती त्या मुलाची भीती. एक प्रत मुलाकडे आणि एक आपल्याकडे असावी, आपल्या प्रतीवर प्रत्येक ओळीच्या शेवटी तोपर्यंतच्या शब्दांची संख्या लिहिलेली असावी. सांगायचे वाक्य आधीच ठरवून ठेवावे आणि प्रत्येक मुलाला तेच सांगावे: “हा उतारा मला मोठ्याने वाचून दाखव. तू नेहमी वाचतोस तसाच वाच. एखादा शब्द आला नाही तर मी सांगेन. वाचून झाल्यावर आपण त्याबद्दल थोडे बोलू.” ‘पटपट वाच’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत, कारण ते ऐकलेले मूल विरामचिन्हे गिळते, शब्दांचे शेवट गाळते आणि आपण जे मोजायला बसलो ते हातचे जाते. घड्याळ किंवा मोबाइल मुलाच्या नजरेआड असावा आणि त्याला घंटी लावलेली नसावी. शीर्षक मोजायचे नाही, पहिल्या वाक्याचा पहिला शब्द उच्चारला की वेळ सुरू करायची. मूल एखाद्या शब्दापाशी तीन सेकंद थांबले तर तो शब्द आपण सांगायचा, त्यावर चूक म्हणून खूण करायची आणि पुढे जाऊ द्यायचे. मिनिट झाले की आपल्या प्रतीवर त्या शब्दानंतर उभी रेघ मारायची, पण मुलाला थांबवायचे नाही. त्याला उतारा पूर्ण वाचू द्यावा, नाहीतर नंतरचे प्रश्न अर्धवट वाचलेल्या गोष्टीवर विचारले जातात. मात्र पहिल्या एक-दोन ओळींत मुलाला जवळजवळ काहीच वाचता येत नसेल तर मोजणी तिथेच, गोड बोलून थांबवावी आणि त्याला अक्षरे किंवा सुटे शब्द वाचायला द्यावेत. शून्याची नोंद करण्यासाठी मुलाला संपूर्ण मिनिटभर ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही.

चूक कशाला म्हणायचे, यावर सर्वांत जास्त मतभेद होतात आणि येथे मराठीचा स्वतंत्र विचार करावा लागतो. शब्द गाळणे, एका शब्दाऐवजी दुसरा वाचणे, प्रत्यय बदलणे (‘झाडावरून’ ऐवजी ‘झाडावर’), अनुस्वार सोडून देणे (‘आंबा’ ऐवजी ‘आबा’) आणि रफाराची जागा चुकवणे (‘कर्म’ ऐवजी ‘क्रम’) या चुका आहेत. शब्द पुन्हा वाचणे ही चूक नाही. तीन सेकंदांच्या आत स्वतःहून दुरुस्त केलेला शब्द बरोबर धरावा, किंबहुना त्याची वेगळी खूण करून ठेवावी, कारण स्वतःला दुरुस्त करणारे मूल अर्थ तपासत वाचत असते. ऱ्हस्व-दीर्घाचा उच्चार मराठीत बोलताना आपण स्वतःही काटेकोर करत नाही, तेव्हा तो चुकीत धरू नये. बोलीचा उच्चार ही चूक नव्हे, हे तर मी आग्रहाने सांगेन. ‘पाणी’ लिहिलेले वाचताना ‘पानी’ म्हणणारे किंवा वऱ्हाडात ‘डोळा’ वाचताना ‘डोया’ म्हणणारे मूल शब्द बरोबर ओळखते आहे आणि आपल्या घरच्या उच्चाराने तो म्हणते आहे. त्याच्यावर फुली मारली तर आपण वाचन मोजत नाही, त्याचे घर मोजतो. वाचलेला शब्द आणि मुलाच्या तोंडचा शब्द यांत बोलीचा नेहमीचा नियम दिसत असेल तर तो बरोबर, असा साधा दंडक ठेवावा आणि आपण त्या भागातल्या नसलो तर स्थानिक सहकाऱ्याला विचारावे. मराठीत आणखी एक उपयोगी गोष्ट सापडते. ‘जग खूप मोठे आहे’ आणि ‘तू शंभर वर्षे जग’ या वाक्यांत ‘जग’ सारखेच लिहिले जाते, पण ‘ज’ वेगळा उच्चारला जातो. असे दोन-तीन शब्द उताऱ्यात पेरले आणि मुलाने ते पहिल्याच वेळी योग्य उच्चारले, तर त्याला वाक्याचा अर्थ वाचता वाचताच लागतो आहे याची ती चांगली खूण असते.

हिशेब सोपा आहे. वाचलेल्या शब्दांतून चुका वजा करायच्या, त्याला ६० ने गुणायचे आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचे. मिनिटात ६८ शब्द वाचले आणि ६ चुकले तर गती ६२. उतारा लहान होता आणि ५४ शब्द ४८ सेकंदांतच वाचून झाले, त्यात ३ चुका, तर ५१ गुणिले ६० भागिले ४८, म्हणजे सुमारे ६४. गतीच्या शेजारी अचूकतेचे शेकडा प्रमाण लिहिल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. वरच्या पहिल्या मुलाने ६८ पैकी ६२ शब्द बरोबर वाचले, म्हणजे अचूकता ९१ टक्के. वाचनशिक्षणात जुना आणि आजही उपयोगी पडणारा संकेत असा आहे की सुमारे ९५ टक्के अचूकता असेल तर तो मजकूर शिक्षकाच्या मदतीने शिकण्याजोगा असतो आणि ९० टक्क्यांच्या खाली गेल्यास तो मुलाला झेपत नाही. तेव्हा ६२ हा आकडा लक्ष्य ओलांडत असला तरी हे मूल काठावर आहे, आणि कोणते ६ शब्द चुकले हे पाहिल्याशिवाय त्याला ‘निपुण’ म्हणण्याची घाई करू नये.

एका उताऱ्यावरचा आकडा किती विश्वासार्ह असतो, हे फारसे कोणी सांगत नाही. मिनेसोटा विद्यापीठातील स्टॅनली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मिनिटाच्या वाचनाची ही पद्धत रूढ केली, तेव्हापासून इंग्रजीत तिच्यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि एका मोजणीतली त्रुटी साधारण ५ ते १५ शब्दांची असू शकते असे त्यांत आढळले आहे. म्हणजे काल ५२ आणि आज ५७ आले तर मूल सुधारले असे म्हणता येत नाही, आणि ४९ आले तर घसरले असेही नाही. यावरचा उपाय म्हणजे एकाच बैठकीत तीन उतारे वाचायला देऊन मधला आकडा घेणे: ४८, ६१ आणि ५५ आले तर नोंद ५५ ची. सरासरी काढू नये, कारण एखादा उतारा विषयामुळे अवघड गेला तर ती उगाच खाली ओढली जाते. त्याच अभ्यासांत तिसरीच्या मुलाची वाढ आठवड्याला साधारण एक शब्द एवढी धरली जाते. महिन्याला चार शब्दांची वाढ आणि मापनातच त्याहून मोठी त्रुटी असेल, तर सगळ्या वर्गाची दर आठवड्याला गती मोजण्यातून काहीही कळणार नाही, फक्त शिकवण्याचा वेळ जाईल. वर्षाच्या आरंभी, मध्यावर आणि अखेरीस असे वर्षातून तीनदा सर्वांचे आणि मागे राहिलेल्या मोजक्या मुलांचे महिन्यातून एकदा एवढे पुरते.

घड्याळाशिवायही वाचन चांगले तपासता येते, हेही येथे नोंदवतो. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने घरोघर जाऊन होणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणात २००५ पासून अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या वापरल्या जातात. तेथे मूल सावकाश वाचले तरी चालते, पण ते सुटे शब्द मोजल्यासारखे न वाचता वाक्य म्हणून वाचते का आणि तीनपेक्षा जास्त चुका करत नाही ना, हे पाहिले जाते. वाक्य म्हणून वाचणे, म्हणजे कुठे थांबावे, कोणते शब्द एका दमात घ्यावेत, प्रश्नचिन्हाला आवाज वर न्यावा, हे आकड्यात येत नाही. आपल्या वहीत त्यासाठी एक छोटा रकाना ठेवावा: सुटे शब्द, दोन-तीन शब्दांचे गट, की अर्थाला धरून सलग. पुष्कळदा हा रकाना गतीच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका ठरतो.

आता आपल्या वर्गातील त्या दोन मुलांविषयी. भरभर वाचूनही काही सांगू न शकणाऱ्या मुलीची गती पुरेशी आहे, तिची अडचण गतीची नाहीच. पहिली पायरी म्हणून दुसरा एक उतारा तिला आपण स्वतः वाचून दाखवावा आणि त्यावर प्रश्न विचारावेत. प्रश्न केवळ ‘कोण, कुठे’ असे नसावेत. ‘पाऊस थांबल्यावर सदू छत्री मिटून धावत सुटला’ असे वाक्य असेल तर ‘सदूने छत्री का मिटली?’ असा, उत्तर जुळवावे लागेल असा एक तरी प्रश्न असावा. ऐकूनही तिला उत्तर देता आले नाही, तर तिला उताऱ्याची मराठीच पुरती कळत नाही असे समजावे. घरी पावरी, कोरकू, वारली किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांत हे वारंवार दिसते, कारण देवनागरीत चिन्हाला आवाज बराचसा ठरलेला असल्याने न कळणारा मजकूरही अस्खलित वाचता येतो. अशा मुलीला अधिक वाचन-सराव देऊन उपयोग नाही. तिला भरपूर ऐकायला आणि बोलायला मिळाले पाहिजे, घरच्या भाषेत गोष्ट सांगण्याची मुभा मिळाली पाहिजे. उलट ऐकल्यावर तिने नीट उत्तरे दिली, तर भाषा आहे, पण वाचन म्हणजे मोठ्याने आवाज काढणे अशी तिची समजूत झाली आहे. मग दोन वाक्ये वाचून थांबायचे, काय झाले ते सांगायचे, पुढे काय होईल ते विचारायचे, असा सराव काही आठवडे पुरेसा होतो.

अडखळत वाचूनही सगळे सांगणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याच्या चुकांची आणि थांब्यांची यादी करावी. तो सगळीकडे सारखाच संथ असेल आणि अचूकता ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर त्याला फक्त सवय हवी आहे. तोच छोटा उतारा दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचणे, चांगले वाचणाऱ्या मित्राबरोबर सुरात सूर मिसळून वाचणे आणि ग्रंथालयाच्या पेटीतली त्याला सोपी जाणारी पुस्तके घरी देणे, एवढे करावे. पण तो जर ठरावीक ठिकाणी, म्हणजे जोडाक्षरांपाशी, औकारापाशी किंवा ‘ध-घ’, ‘भ-म’ यांसारख्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांपाशी थांबत असेल, तर त्याला उतारे वाचायला लावून वाचन वाढणार नाही, ती अक्षरे पुन्हा शिकवावी लागतील. याचा संकोच नसावा. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या संशोधनात दिसले आहे की आपल्यासारख्या अक्षरलिपींत चिन्हांचा सगळा संच हस्तगत व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर मुलाने ओळखायच्या आकृती काहीशेंच्या घरात जातात. तिसरीतला मुलगा ‘ष्ट’ किंवा ‘ज्ञ’ पाशी अडला म्हणून तो मागासलेला ठरत नाही.

काही मुलांची गती मुळीच मोजू नये. तोतरे बोलणाऱ्या मुलाचे वाचन घड्याळ लावून कधीही तपासू नये, त्याला मनात वाचू द्यावे आणि उत्तरे खुणेने, चित्राने किंवा लिहून घ्यावीत. पुस्तक नाकाजवळ धरणारे, ओळ सारखी चुकवणारे किंवा फळ्यावरचे पाहून न लिहिणारे मूल संथ असेल तर आधी त्याची दृष्टी तपासून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलांची नावे तयार ठेवावीत. आणि सर्व प्रयत्न करूनही वर्षभर एखाद्याची अचूकता वाढत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची शंका पालकांशी एकट्याने बोलून मांडावी व तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्यास सांगावे. वाचनगतीच्या एका आकड्यावरून आपण स्वतः तसा शिक्का मारू नये, आणि तो आकडा वर्गाच्या भिंतीवरील तक्त्यात नावासमोर लावू नये. नोंदवही आपल्या कपाटात राहावी, आणि मुलाला दाखवायचीच झाली तर त्याची स्वतःची मागच्या सत्रातील नोंद तेवढी दाखवावी.